भाखरीतला ख

सुधीर, तुझ्या शोकसभेत लोक हसले. तुझ्यावर नाही, माझ्यावर.

तुमच्या मॅनेजमेंट संस्थेच्या त्या थंडगार हॉलमध्ये, तुझ्या हार घातलेल्या फोटोशेजारी एक माजी विद्यार्थी उभा राहिला आणि म्हणाला, कर्णिक सर म्हटलं की मला आठवते ती भाखरीची केस. मग त्यानं ती सांगितलीच. बडोद्याची एक खाकरे-भाखऱ्यांची कंपनी महाराष्ट्रात उतरते. मार्केटिंगचे प्रमुख, म्हणजे तू, सावध असतात. पण विक्री विभागातला एक हट्टी माणूस, कुणी मिस्टर जे, अडून बसतो की पाकिटावर 'भाखरी' हेच नाव हवं. पुण्यातलं गिऱ्हाईक म्हणतं, भाकरी लिहिताना ह्यांचा ख कुठून आला? ज्वारीची मऊ भाकरी मिळेल म्हणून कुणी पाकीट फोडतं, तर आत गव्हाची कडक, चहात बुडवून खायची चकती. मग भाकरी शिळी निघाली म्हणून दुकानदाराशी भांडण. सगळा माल परत. आणि मिस्टर जे बिचारा विचारतो, "पण आमच्या घरी तर हिला भाखरीच म्हणतात!" इथे हॉलभर हशा पिकला. मेधावहिनीसुद्धा डोळे पुसता पुसता हसल्या. मी त्यांच्या शेजारच्याच खुर्चीवर होतो.

जे म्हणजे जगताप. तो मी. आणि पाकिटावरचं 'भाखरी' हे नाव मी ठेवलं नव्हतं, तू ठेवलं होतंस. "आमच्या घरी तर भाखरीच म्हणतात" हे वाक्यही तुझंच. हे आपल्या दोघांना ठाऊक होतं. आता एकट्या मला ठाऊक आहे, आणि एकट्यालाच ठाऊक असलेल्या गोष्टीला काही किंमत नसते, हेही तूच शिकवलं होतंस.

तू गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते सांगू? 'सुटला लेकाचा.' दुःख त्यानंतर आलं. आलं, नाही असं नाही. पण आधी राग आला, आणि तो अजून उठून गेलेला नाही.

आपण दोघं एकाच आठवड्यात नोकरीला लागलो. तू डिग्री घेऊन साहेब व्हायला, मी खाकऱ्याची पिशवी घेऊन दुकानं पालथी घालायला. कंपनीच्या शेठनं तुला बाजार दाखवायला माझ्याबरोबर पाठवलं. भरूच, नडियाद, दाहोद. एसटीच्या मागच्या बाकावर आपटत आपटत मी तुला शिकवलं की दुकानात शिरल्यावर आधी मालकाकडे बघायचं नाही, फळीकडे बघायचं. कुठल्या मालावर धूळ बसली आहे ते बघितलं की मालकाला काही विचारावं लागत नाही. तू मान डोलवायचास. मी दर वेळी पाकीट फोडून आधी वास घ्यायचो, मग बोलायचो, त्यावरून तू माझी टिंगल करायचास. "जग्या, तू विकायला आलायस की हुंगायला?"

आणि तू मला एकच गोष्ट शिकवलीस, पण ती जन्मभर पुरली. गिऱ्हाईक कुरकुर करणार हे ठाऊक असेल, तर त्याची हरकत त्याच्या आधी आपणच बोलून दाखवायची. "शेठ, तुम्ही म्हणाल हा खाकरा जरा जाड आहे." एवढं आपण म्हटलं की दुकानदार जाड म्हणत नाही. त्याच्या तोंडातला घास आपणच काढून घेतलेला असतो, मग तो उगाच हसतो आणि दोन खोकी ठेवून घेतो. नडियादच्या एका खवट दुकानदारावर तू हे पहिल्यांदा करून दाखवलंस तेव्हा मी थक्क झालो होतो. पुढे मी ते आयुष्यभर वापरलं. बायकोवरसुद्धा.

तू भराभर चढलास. मला त्याचं वाईट वाटलं नाही, खरंच नाही. तुझ्यात ते होतं. तुझं इंग्रजी, तुझं ते टेबलावर दोन्ही हात टेकून बोलणं. मोठ्या मुलासारखं तुला बाजूला घेऊन शेठ विचारायला लागला. मग महाराष्ट्राचं निघालं. शेठ गुजराती, सल्लागार अहमदाबादचा, मराठी आपण दोघंच, तेही बडोद्यात वाढलेले. तुझी छाती केवढी फुगली होती! "आपलंच घर आहे, जग्या. आपल्या लोकांना काय खायचं ते आता अहमदाबाद सांगणार?"

त्या बैठकीत मी बोललो होतो. तुला आठवत असणारच. मी म्हणालो, माझी आत्या साताऱ्याची. तिच्याकडे भाखरी असा शब्दच नाही. तिथे भाकरी, ती ज्वारीची नाहीतर बाजरीची, आणि ती मऊ. ही आपली भाखरी गुजरातची आहे. नुसतं 'गव्हाचा कडक खाकरा' म्हणा, 'चहाची पुरी' म्हणा, काही म्हणा, पण हा ख काढा. तू हसलास. सगळ्यांसमोर म्हणालास, "जगताप, आमच्या घरी आई रोज सकाळी भाखरी करते. आम्ही मराठी नाही?" तुझ्या आईच्या स्वयंपाकघरावर मी काय हरकत घेणार?

पुढचं सगळं तू केसमध्ये अगदी बरोबर सांगायचास. शुद्धलेखन, शिळी भाकरी, भांडणं. एक सोडलंस. लक्ष्मी रोडच्या एका किराणावाल्यानं पाकीट उलटसुलट करून आपल्याला विचारलं होतं, "बडोद्याचे का? मग बरोबर. तुम्ही आता गुजरातीच की." तो थट्टा करत होता. मी हसलो, माझं काय जातंय? तुझा चेहरा मात्र पांढरा पडला. परतीच्या अख्ख्या प्रवासात तू ते पाकीट उलटसुलट करत बसलास. शेवटी वडोदरा स्टेशनवर उतरताना म्हणालास, "साला, आपण कुठलेच नाही." मी म्हणालो, आपण बडोद्याचे आहोत, चल, रिक्षा बघू.

मग शेठनं विचारलं. टेबलाभोवती सगळे बसलेले. "नाम कोणे राख्युं हतुं?" नाव कुणी ठेवलं होतं, हे शेठ ओरडून विचारत नव्हता. त्याला फक्त पुढच्या वेळेसाठी माहीत करून घ्यायचं होतं. तू सांगितलं असतंस तर शेठ तुला चार शब्द बोलला असता आणि चहा मागवला असता. तू नुसतं माझ्याकडे बघितलंस. सगळ्यांनी तुझी नजर कुठे गेली ते बघितलं. मी तुझ्याकडे बघत राहिलो, आता बोलेल, आता बोलेल म्हणून. शेठनं मान हलवली आणि पुढचा विषय काढला.

महिन्याभरात मला बाजारातून काढून मकरपुऱ्याच्या गोदामात बसवलं. माल पाठवायचा आणि परत आलेला उतरवून घ्यायचा. पहिलं काम काय असावं? पुण्याहून परत आलेल्या भाखरीची खोकी मोजून रचणं. ज्या माणसाला फळीवरची धूळ बघून बाजार कळायचा, त्याला निवृत्त होईपर्यंत चार भिंतींत धूळ खात ठेवलं. तू तोवर अलकापुरीच्या नव्या ऑफिसात, काचेच्या केबिनमध्ये. व्हाइस प्रेसिडेंट.

लोक विचारतात, एवढं झाल्यावर तुमची मैत्री टिकली कशी? मलाही नीट सांगता येत नाही. माझे वडील अंथरुणाला खिळले तेव्हा दर शनिवारी तू ऑफिसातून थेट रावपुऱ्यात आमच्या घरी यायचास, टाय खांद्यावर टाकायचास, बाह्या सरसावायचास आणि त्यांची दाढी करायचास. ते दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. माझ्या हातून कापतं म्हणायचे. तुझा हात हलका होता. साबणाच्या फेसात माखलेले ते, आणि "काका, गाल फुगवा" म्हणणारा तू. ते गेले त्या दिवशीही शेवटची दाढी तूच केलीस. असल्या माणसाशी भांडायचं कसं, सांग? मी राग धरायचो आणि शनिवार यायचा.

मग तू नोकरी सोडलीस. सगळ्या बडोद्यात कौतुक. एवढी खुर्ची लाथाडून शिकवायला गेला, समाजाचं देणं फेडायला गेला! मला तर खरंच आनंद झाला होता. वाटलं, आता ह्याला कुणाला भ्यायचं कारण उरलं नाही. आणि तू चांगला शिक्षक होतास, हे मी हजार वेळा कबूल करीन. मुलं तुझ्या मागे मागे हिंडायची. तुझं वैशिष्ट्य काय, तर तू यशाच्या गोष्टी सांगायचा नाहीस. "अपयश शिकवणारा प्राध्यापक." निडर माणूस म्हणायचे तुला.

माझी भाची केतकी तुझ्या वर्गात आली तेव्हा मला त्या केसचं कळलं. जेवताना हसत हसत ती गोष्ट सांगू लागली. एक मिस्टर जे होता, रावपुऱ्याचा, प्रत्येक पाकीट फोडून आधी वास घ्यायचा. मग बोलता बोलता थांबली. माझ्या हातात तेव्हा खाकऱ्याचं पाकीट होतं, आणि ते नाकाशी होतं. "मामा," ती म्हणाली, "तो जे म्हणजे तू का रे?"

त्या रविवारी शेव-उसळीच्या गाडीवर मी तुला धरलं. तुला लाज वाटेल असं मला वाटलं होतं. छे! तू उसळीत लिंबू पिळत मला समजावून सांगितलंस, वर्गात समजावतोस तसं. "हे बघ, बॉसची चूक सांगितली की पोरं टाळ्या वाजवतात आणि शिकत काही नाहीत. हाताखालच्याची चूक सांगितली की विचार करतात, मी असतो तर ह्याला थांबवलं कसं असतं? केसला असा माणूस लागतो. आणि तुझं नाव कुठे घेतलंय मी?"

"वास घेतोय तो, सुध्या."

"जवा दे ने, जग्या, सोड. रंग भरावा लागतो जरा."

"मग खरं सांगून रंग भर."

"तू ये ना एकदा वर्गात. मांड तुझी बाजू. मी बोलावतो."

बोलावतो म्हणालास. मी वाट बघितली. दर रविवारी उसळ खायचो, दर रविवारी मी विचारायचो, दर रविवारी "पुढच्या सत्रात". सत्रं येत होती आणि जात होती. मी काय बोलायचं ते मनात पाठ करून ठेवलं होतं. शेवटच्या रविवारीही मी विचारलं. तू म्हणालास, "अरे, तुला बोलावणार म्हणजे बोलावणार. पोरांना सांगून ठेवलंय." मग उठलास, स्कूटरला किक मारलीस, "चल, आवजो" म्हणालास आणि गेलास. आपल्यातला प्रत्येक वाद तू 'आवजो'नंच संपवलास. म्हणजे पुन्हा या. आणि पुन्हा आलं की पुन्हा तेच.

तू असं का केलंस ह्यावर मी फार डोकं खपवलं. शेठला तू भ्यालास असं मी किती तरी वर्षं समजत होतो. ते खोटं आहे. शेठला तू भ्याला नाहीस. त्या लक्ष्मी रोडच्या किराणावाल्यानं तुला मारलं. मार्केटिंगमध्ये चुकलो हे तू कुठेही कबूल केलं असतंस, त्याचे तर तू वर्ग घेत होतास. पण मराठी असून मराठी माणसाच्या ताटात काय असतं ते मला ठाऊक नव्हतं, हे तुला म्हणवेना. म्हणून ते तू माझ्या तोंडी घातलंस. जगतापला काय, त्याला चालेल. तो बडोद्याचाच आहे.

बाराव्यानंतर मी मेधावहिनींकडे गेलो. त्यांनी चहा केला, आणि बशीत काय ठेवलं असेल? "ह्यांना रोज लागायची," त्या म्हणाल्या. मी भाखरी चहात बुडवली. त्या म्हणाल्या, "तुम्ही ते केसचं कधी मनाला लावून घेतलं नाहीत, ह्यांना तुमचं फार कौतुक होतं बरं का. एवढं कोण सोसतं?" सांगावं का ह्यांना? शब्द जिभेवर आला होता. समोर तुझा चष्मा घडी करून ठेवलेला. मी भाखरी संपवली. दुखवट्याच्या घरातून निघताना 'येतो' म्हणायचं नसतं, म्हणून काहीच न बोलता चपला घातल्या.

आणि मग तुमच्या संचालक बाईंचा फोन आला. शोकसभेत वहिनींनी माझी ओळख करून दिली होती, तेव्हाच त्या "ओहो, तो तमे ज मिस्टर जे?" म्हणून माझा हात हातात घेऊन उभ्या राहिल्या होत्या. आता म्हणाल्या, "सरनुं एक लेक्चर बाकी रही गयुं छे. भाखरीवाळुं. तमे लेशो?"

बघ सुधीर, शेवटी बोलावणं आलं. तू मेल्यावर, पण आलं.

मी गेलो. इस्त्रीचा शर्ट घातला. मुलांनी उभं राहून नमस्कार केला. काही जण गालात हसत होते, पण वाईट नव्हतं ते, मजेतलं होतं, सिनेमातला माणूस प्रत्यक्ष बघायला मिळावा तसं. मी ठरवून आलो होतो की तुला कमीपणा आणायचा नाही. दाढीचं सांगितलं आधी. नडियादचा दुकानदार सांगितला. फळीवरच्या धुळीचं सांगितलं तेव्हा पोरं भराभर लिहून घेत होती. मग मी पाणी प्यायलो आणि म्हणालो, "आता भाखरीचं. ते नाव मी ठेवलं नव्हतं. मी विरोध केला होता. नाव तुमच्या सरांनी ठेवलं होतं."

मला वाटलं, झालं. एवढंच तर होतं.

मग पुढच्या बाकावरची एक मुलगी हसली. हात वर करून, अगदी अदबीनं म्हणाली, "सर कहेता हता के तमे आवशो तो आवुं ज कहेशो."

मी आलो तर असंच म्हणेन, हे तू सांगून ठेवलं होतंस. सगळा वर्ग हसला. प्रेमानं हसला. आणि मला नडियादचं ते दुकान आठवलं. गिऱ्हाइकाची हरकत त्याच्या आधी आपण बोलून टाकायची, मग हरकत उरत नाही. वर्षानुवर्षं दर सत्रात तू माझ्या तोंडातला घास काढून घेत होतास. आणि मी वेडा घरी बसून भाषण पाठ करत होतो.

मी विचारलं, "आणखी काय म्हणायचे सर?"

मुलगी जरा घुटमळली. मग म्हणाली, "कहेता, बजार एमनी पासेथी शीखजो. एमना जेवो माणस में जोयो नथी. पण नामनी वात आवे त्यारे एमनुं मानता नहीं."

बाजार त्यांच्याकडून शिका, त्यांच्यासारखा माणूस मी बघितला नाही. नावाचं निघालं तर मात्र त्यांचं ऐकू नका.

पहिलं अर्धं तू मला कधी सांगितलं नाहीस. एसटीच्या बाकावर नाही, उसळीच्या गाडीवर नाही. मी गोदामात सडत असताना ते एकदा ऐकलं असतं तर मला पुरलं असतं रे, मी तो ख जन्मभर माझ्या नावावर सुखानं वागवला असता. आणि ते तू सांगितलंस कुणाला, तर पोरांना, आणि लगेच त्याच्या शेपटीला ते खोटं बांधून. आता मी काय करू? पहिलं खरं धरलं तर दुसऱ्यावरही पोरं विश्वास ठेवणार. दुसरं खोटं ठरवायला गेलो तर पहिलंही जातं. फोडलेल्या खोक्यातला अर्धा माल आपण कधी परत घेतला नाही, सुधीर. मी गोदामात होतो, मला नियम ठाऊक आहे.

तास संपवून मी रावपुऱ्यात उतरलो. गाडीवर एक शेव-उसळ सांगितली आणि बाकाच्या माझ्याच बाजूला बसलो. गाडीवाल्यानं विचारलं, "साहेब नाही आले?" त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मी सांगितलं. त्यानं न विचारता तुझ्यासारखं जास्त लिंबू पिळून दिलं. मला आंबट चालत नाही. मी खाल्लं.

समोरची जागा रिकामी होती, म्हणून मोठ्यानं म्हणालो. गाडीवाल्यानं वळून बघितलं तरी म्हणालो. तुलाही पुन्हा सांगतो, सुध्या, नीट ऐक. भाखरी हे नाव तू ठेवलं होतंस.

घे आता हरकत.